पंधरा दिवसांनी पुन्हा

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्टनं एक बारीकसा हिसका दिला आणि ती थांबली. थांबायचीच होती म्हणा. वर यंत्रखोलीत मेकॅनिकनं ब्रेक बघण्यासाठी वीज तोडली होती, आणि आत वजनाला ठेवलेल्या वाळूच्या गोण्यांशेजारी हा उभा होता, हातात तपासणीची पाटी, कानामागे पेन, गेली बावीस वर्षं उभा राहत आला तसाच. असले हिसके त्यानं किती खाल्ले असतील त्याची मोजदाद नाही. बायको म्हणायची, तुझ्या पोटात आतडी नाहीत, स्प्रिंगा आहेत. पण त्या शुक्रवारी हिसका बसला मात्र, पोटात एकदम खड्डा पडला. पाटी खाली पडली, आणि लिफ्टचा इन्स्पेक्टर लिफ्टमध्ये घाबरून गोणीवर मटकन बसला. बघायला कुणी नव्हतं हेच नशीब. वरून मेकॅनिकचा आवाज घुमत आला, "साहेब, ठीक ना?" त्यानं "ठीक, ठीक" असं ओरडून सांगितलं आणि खिशातून फोन काढून बायकोचा निरोप पुन्हा वाचला. अर्ध्या मिनिटापूर्वी वाचला होता, तोच. 'खारूचा फॉर्म सोमवारी द्यायचाय. मला वाटतं आत्ता नको. पंधरा दिवस थांबू, मग बघू.'

खारू म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी घास गालात साठवून तासभर हिंडायची म्हणून हे नाव पडलं, आणि पंधरा वर्षांची झाली, बापाच्या खांद्याला लागली, तरी चिकटून राहिलं. सोमवारी तिच्या शाळेच्या सभागृहात करोनाची लस द्यायची होती. ज्यांच्या घरून फॉर्म भरून येईल त्यांनाच. आई किंवा वडील, कुणाही एकाची सही चालेल, असं खाली लिहिलं होतं. तो कागद पाच दिवस फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता. दूध काढायला दार उघडलं की तो फडफडायचा, आणि घरातलं जे कुणी फ्रिजपाशी असेल ते दुसरीकडेच कुठंतरी बघायचं. पाच दिवस नवराबायको त्याच्याबद्दल बोललेच नाहीत. आणि आता बोलली तीही कशी, तर नेमक्या त्याच्याच शब्दांत.

कारण ते शब्द त्याचे होते. लिफ्ट तपासणाऱ्याला शेवटी तीनच शेरे मारता येतात: चालू ठेवा, बंद करा, आणि तिसरा, पंधरा दिवसांनी पुन्हा. हा तिसरा म्हणजे मोठी सोयीची चीज. धड दोष सापडत नाही आणि मनही भरत नाही, अशा वेळी तो लिहायचा. लिहिला की कुणीच दुखावत नाही, ना इमारतीचा मालक, ना लिफ्टची कंपनी, ना आपण स्वतः. शिवाय पंधरा दिवसांत बऱ्याचशा गोष्टी आपापल्या जागी बसतात, असा त्याचा अनुभव. हळूहळू तो शेरा वहीतून उठून जिभेवर जाऊन बसला. सोफा घ्यायचाय? पंधरा दिवसांनी बघू. खारूच्या दातांना तार लावायचीय? पंधरा दिवस थांबू. बायको चारचौघांत सांगायची, "अहो, लग्नाचंसुद्धा मीच विचारलं, तर म्हणतो पंधरा दिवसांनी सांगतो! मला वाटलं माझे दोर झिजलेत की काय." सगळे हसायचे. तोही हसायचा. आणि सगळ्यांत मोठ्यानं आबा हसायचे.

आबा म्हणजे त्याचे वडील. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात गेली, त्यामुळे फोनवर पाल्हाळ लावणं त्यांना पाप वाटायचं. लाइन अडते म्हणे. कामाचं बोलून झालं की "ठेवतो" म्हणायचे आणि खरंच ठेवायचे. सुनेशी त्यांचं गूळपीठ. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, आबांची कवळीही तिनंच घडवलेली, तर आबा म्हणायचे, "सुनेवर दात धरायची सोयच नाही मला, दातच तिचे आहेत." आणि एरवी अबोल असलेला हा माणूस लिफ्टमध्ये शिरला की सुटायचा. कुठल्याही इमारतीत जावो, आत गेल्या गेल्या चष्मा कपाळावर चढवून भिंतीवरच्या चौकटीतला दाखला वाचायचा, आणि खाली मुलाची सही दिसली की शेजारच्या परक्या माणसाला सांगायचा, "हा आमचा. निर्धास्त चला." लोक अवघडून हसायचे. एकदा एका बाईंना त्यांनी नवव्या मजल्यापर्यंत सोबत केली होती, स्वतःचं काम दुसऱ्यावर असताना. हे आठवलं की अलीकडे त्याला हातातलं पाणीसुद्धा नकोसं व्हायचं.

गेल्या वर्षी म्हाताऱ्या माणसांना लस द्यायला लागले, तेव्हाची गोष्ट. तो एका जुन्या इमारतीत शाफ्टच्या तळाशी खड्ड्यात उतरला होता. एक हात ग्रीसनं माखलेला, दुसऱ्या हातानं फोन कानाला. आबा म्हणाले, "आज अकराचा नंबर लागलाय माझा. बूट घातलेत. शेजारचे दोघं निघालेत, त्यांच्याबरोबर जाऊ ना?" एवढंच. त्यांना "जा" एवढंच ऐकायचं होतं. पण आदल्या दिवशी ऑफिसात कुणीतरी फोनवर काहीबाही दाखवलं होतं, कुणी म्हातारा रांगेत भोवळ येऊन पडला, कुणी म्हणत होतं रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. आणि आबांना त्या गोळ्या होत्या. याचाही त्यानं विचार केला म्हणावं तर तसंही नाही. विचार केला असता तर डॉक्टरला एक फोन केला असता, दोन मिनिटांचं काम. त्यानं काहीच केलं नाही. खड्ड्यातून वर, लोंबणाऱ्या दोरांकडे बघत तो म्हणाला, "गर्दी असेल आबा. पंधरा दिवस थांबू, मग बघू." मग आबा म्हणाले, "बरं. तुला त्यातलं कळतं. ठेवतो." त्यातलं म्हणजे कशातलं? त्याला लिफ्टमधलं कळत होतं. नवव्या दिवशी आबांना ताप आला. एकविसाव्या दिवशी गेले.

एका टोचणीनं ते वाचले असते का? कुणी सांगावं. आठवड्याभरात कुठं ती अंगी लागते, नि त्यांचं वयही झालेलं. हा हिशोब त्यानं इतक्या वेळा घोळवला की तो आता गुळगुळीत झाला होता, काही टोचायचं नाही त्यात. पण 'बूट घातलेत' हे काही गुळगुळीत होईना. घातलेले बूट पुन्हा काढावे लागले असतील. आबांना वाकताना त्रास व्हायचा. एका हातानं भिंत धरून, पुटपुटत, एकेक नाडी सोडली असेल, आणि शेजारच्यांना दारातून सांगितलं असेल, तुम्ही व्हा पुढं, मुलगा म्हणतो थांबा. रस्त्यात, ऑफिसात, दात घासताना, केव्हाही त्याच्या डोळ्यांपुढे ते वाकणं यायचं. चेहरा दिसायचा नाही, नुसती पाठ.

आणि यातलं बायकोला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी तो मोरीत ग्रीसचे हात साबणानं चोळत होता, तेव्हा तिनं आतूनच विचारलं, "आबा जाऊन आले ना रे?" खरं सांगितलं असतं तर ती कावली असती, तुला कुणी नसता शहाणपणा सांगितला म्हणाली असती, आणि तो दमला होता. म्हणाला, "नको म्हणाले. नंतर बघू म्हणतात." इतकं साधं. खोटं बोलायचं म्हणून कुणी इतकं साधं बोलत नाही. उद्या-परवा आबांना स्वतःच घेऊन जायचं, विषय संपला, असं त्याच्या मनात होतं. मग ताप आला आणि ते वाक्य तसंच राहून गेलं. पुढं जो येई तो म्हणे, हट्टी होते हो, ऐकलं नाही त्यांनी. बायको तर चिडायचीच. फोटोकडे बघून रडता रडता चिडायची. "माझं तरी ऐकायचं होतं त्यांनी. मी म्हटलं असतं तर गेले असते." आणि हा मूग गिळून बसायचा. सव्वा वर्ष झालं, एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर त्यानं आपलं खापर ठेवलं होतं. त्याला रडूही आलं नव्हतं. हॉस्पिटलच्या काउंटरवर तो सह्या करत होता, एकामागून एक, आणि प्रत्येक सही नीट दाखल्यावर करतात तशी, संपूर्ण नावाची.

शुक्रवारी तो घरी आला तेव्हा बायको नुकतीच लॅबमधून येऊन, पर्ससुद्धा न काढता, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती. तिच्या बोटांना दिवसभराच्या मेणाचा वास होता.

"निरोप वाचलास?"

"वाचला."

"मग?"

"मग काय. देऊन टाकू. सगळेच देतायत."

"सगळे देतायत म्हणून? तू कधीपासून सगळ्यांचं ऐकायला लागलास? बूट घ्यायचा तर चार दुकानं फिरवतोस." तिनं बूट म्हटलं आणि तो उगाचच नळ सोडून हात धुवायला लागला. "अरे, माझ्या शेजारच्या टेबलावरची ती आहे ना, तिच्या भाच्याच्या छातीत दुखलं, लस घेतल्यावर. ठणठणीत पोरगा, सतरा वर्षांचा. दोन दिवस दवाखान्यात ठेवला."

"आता कसा आहे?"

"आता बरा आहे. धावतोय. पण ते दोन दिवस त्याच्या आईनं कसे काढले असतील?" ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "आजारी असती ना, तर मी काखोटीला मारून नेली असती. पण धडधाकट पोर. तिला काही झालेलं नाही. तिला मी आपल्या हातानं नेऊन बसवायची, आणि मग काही झालं तर? मी काय सांगू स्वतःला? आबांचं वेगळं होतं. त्यांनी घ्यायलाच हवी होती, त्यांनी हट्ट केला. हिचं तसं नाही."

त्यानं तोंड उघडलं.

"काय?"

"काही नाही," तो म्हणाला.

ती भित्री नव्हती, अडाणी तर मुळीच नव्हती. तो ते जाणून होता. खारू सातव्या महिन्यात झाली होती, चोवीस दिवस काचेच्या पेटीत होती. रोज तिच्या टाचेला टोचून रक्त काढायचे. अंगठ्याएवढी टाच, त्यावर टोचायला जागा उरली नव्हती, सगळी निळीजांभळी. बायको पेटीच्या भोकातून हात घालून त्या टाचेवर नुसतं बोट ठेवून बसायची, तासन्‌तास, आणि तिला तिथून हलवायची कुणाची टाप नव्हती. पुढं लहानपणच्या सगळ्या लसी झाल्या, नेमानं झाल्या, पण प्रत्येक वेळी घरी आल्यावर ती मुलीची टाच हातात घेऊन बघायची, सुई दंडात दिलेली असली तरी. तेव्हा तो तिला हसायचा. आता खुर्चीवर बसलेल्या तिच्याकडे बघताना त्याला वाटलं, ही अजून त्या पेटीपाशीच बसली आहे, आणि मी त्या खड्ड्यात. आणि मधे पोर फ्रिज उघडून विचारतेय, दूध संपलं का?

खारू खरंच तेव्हा आत आली होती. फ्रिज उघडला, कागद फडफडला. तिनं दोघांकडे बघितलं. "तुमचं काय ते ठरलं की सांगा," ती म्हणाली. "माझ्या वर्गातल्या सगळ्या घेणारेत, मला घ्यायचीय, पण तुम्ही नाही म्हणालात तर मी काही आकांडतांडव करणार नाही. फक्त घरात हे असं हळू आवाजात बोलणं बंद करा. मला वाटतं कुणीतरी मेलंय." आणि दुधाचा ग्लास घेऊन निघून गेली.

शनिवारी बायकोनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा मधे ठेवला. या बाई खारूच्या पेटीच्या दिवसांपासूनच्या. त्यांनी काही लपवलं नाही. हृदयाला सूज येते कधीकधी, म्हणाल्या, फार थोड्यांना, त्यात मुलग्यांना जास्त, बहुतेकांची काही दिवसांत उतरते. आणि हा आजारच झाला तर त्यातही तशी सूज येऊ शकते. पंधरा वर्षांच्या निरोगी मुलीला आजारानंही फारसं काही होणार नाही, बहुतेक. लसीनंही काही होणार नाही, बहुतेक. "दोन्हीकडे 'बहुतेक'च आहे हो. त्यातलं जास्त भरवशाचं 'बहुतेक' मला लसीचं वाटतं. माझ्या मुलाला मी दिली. पण छातीत दुखलं, धाप लागली, तर घरी बसू नका, मला फोन करा, मध्यरात्र असली तरी." बायकोनं विचारलं, "तुमचा हात थरथरला नाही?" बाई थोडं हसल्या. "मी दिलीच नाही. नर्सला सांगितलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला. खारू तिच्या खोलीत कानांत गाणी घालून अभ्यास करत होती, किंवा नव्हती. बायको समोर बसून वाटाणे सोलत होती. त्यानं पेन उघडलं. मुलीचं नाव, वर्ग, जन्मतारीख, सगळं नीट अक्षरात लिहिलं. मग सहीच्या जागेवर पेन टेकलं आणि तिथंच राहिलं. त्याचे पहिले साहेब, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला, त्यांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता: सही करायची असेल तर आधी स्वतः बसायचं, तळापासून माथ्यापर्यंत एकट्यानं जाऊन यायचं, मगच पेन काढायचं. लोकांना पाठवायचं आणि आपण खाली उभं राहायचं, हे आपल्या धंद्यात चालणार नाही. बावीस वर्षांत त्यानं तो नेम एकदाही मोडला नव्हता. थकलेला असो, ताप असो, आधी जाऊन आला आणि मग सही केली. आणि आता हा कागद. याच्यात आधी कसा बसू? त्याचे स्वतःचे दोन डोस कधीच झाले होते, दंड दोन दिवस दुखला, संपलं. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या दंडानं पंधरा वर्षांच्या काळजाबद्दल काय सांगावं? इथं पोरच आधी जाणार होती, एकटी, आणि तो खाली उभा राहणार होता. पेनाच्या टोकाशी शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

बायकोनं ते बघितलं. "बघ," ती हळूच म्हणाली, "तुलाही नाही करवत. मग थांबू ना. पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"आबांना मीच थांबा म्हणालो होतो," तो म्हणाला.

तिच्या हातात एक शेंग होती. ती तिनं शेवटपर्यंत सोलली, दाणे वाटीत टाकले. "काय म्हणालास?"

"ते बूट घालून तयार होते. मला विचारायला फोन केला. मी म्हटलं पंधरा दिवस थांबू. त्यांनी बूट काढले." एवढं बोलायला सव्वा वर्ष लागलं आणि बोलून व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. मग खड्डा, ग्रीस, ऑफिसातली कुजबुज, सगळं त्यानं सांगितलं. मोरीतलं वाक्यही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवेना.

"आणि मला सांगितलंस, ते नको म्हणाले."

"हो."

"इतके दिवस."

"हो."

त्याला वाटलं ती आता ओरडेल, वाटी फेकेल. तिनं ते करावं असंच त्याला वाटत होतं. तिनं काही केलं नाही. उठली, हात धुतले, नॅपकिननं पुसले, पुसतच राहिली, एकेक बोट वेगळं करून. मग टेबलाशी आली, कागद आपल्याकडे ओढला, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्या ठिपक्याशेजारी सही केली. "तू नको करूस," इतकंच म्हणाली. घडी घालून कागद खारूच्या दप्तरात ठेवून आली आणि पुन्हा वाटाणे सोलायला बसली. त्या संध्याकाळी ती त्याच्याशी दोनदा बोलली. एकदा मीठ दे म्हणाली आणि एकदा दिवा घालव म्हणाली. अंथरुणात पडल्यावर त्याला वाटत राहिलं, हिनं आपल्याला वाचवलं की आपल्या सहीवरचा विश्वासच उडाला हिचा? विचारायची छाती नव्हती.

सोमवारी शाळेच्या सभागृहात ओळीनं खुर्च्या मांडल्या होत्या आणि पडद्याआड दोन टेबलं. पालकांना यायला बंदी नव्हती, आग्रहही नव्हता. दहा-बारा जण आले होते आणि आपण उगाच आलो असा चेहरा करून बसले होते. खारू पडद्याआड गेली. बायको तिच्याबरोबर गेली नाही, पडद्याकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून. मिनिटभरात पोर दंडावर कापूस दाबत बाहेर आली, म्हणाली, "झालं. मुंगी चावली," आणि पुढच्या ओळीत मैत्रिणींत जाऊन बसली. प्रत्येकानं अर्धा तास तिथंच थांबायचं होतं. नर्स, पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, मधूनमधून येऊन एकेका मुलाकडे बघून जात होती. नवराबायको मागच्या ओळीत, मधे एक खुर्ची रिकामी ठेवून. खारूची वेणी दोघांनाही दिसत होती. ती हसली की वेणी हलायची. वेणी हलायची थांबली की याचा श्वास अडकायचा.

दहा मिनिटं गेली असतील. बायको समोरच बघत म्हणाली, "हे तुझ्या सांगण्यामुळं नाही केलं. डॉक्टरीणबाईंचं मला परवाच पटलं होतं. धीर होत नव्हता. थांबलो म्हणजे आपल्या अंगावर काही येत नाही, असं वाटत होतं मला." मग म्हणाली, "मी तुला एक कधी सांगितलं नाही."

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"आबांना मशीनवर घेण्याआधी, हॉस्पिटलमधून फोन आला होता. बोलून घ्या म्हणाले. तू औषधं शोधत बाहेर होतास, तुझा फोन लागत नव्हता, म्हणून माझ्याकडे आला. तुला एवढंच सांगितलं, की बरे आहेत म्हणाले. खरं तर मी त्यांना बोलले. धापा टाकत होते, आणि मी बोलले त्यांना. म्हटलं, नको नको म्हणत बसलात, कुणाचं म्हणून ऐकलं नाहीत, तेव्हाच गेला असतात तर आज ही वेळ आली नसती." तिचा आवाज अगदी सरळ होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "मग काहीच बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, 'हो गं पोरी. चुकलं माझं. माझाच हट्ट नडला.' आणि म्हणाले, 'तो खूप धावतोय, त्याला जेवायला घाल.' बस. काल तू सांगितलंस, आणि तेव्हा मला कळलं."

त्याला ते आत्ता कळलं. म्हणजे आबांना समजलं होतं. सुनेच्या त्या एका वाक्यात त्यांना सगळं समजलं होतं, मुलानं घरी काय सांगितलंय ते; आणि श्वास पुरत नसताना, तो होता तेवढा श्वास खर्चून, त्यांनी ते स्वतःवर घेतलं होतं. 'मला त्यानंच थांबवलं' एवढं म्हणायला याहून कमी शब्द लागले असते. त्याच्या छातीतून काहीतरी विचित्र आवाज आला, त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. त्यानं तोंडावर हात धरला, तरी तो थांबेना. खांदे हलायला लागले, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि आवाज तर असा की पुढच्या ओळीतली मुलं वळून बघू लागली. खारू उठून उभी राहिली. बायकोनं पर्स बाजूला ठेवली, मधल्या रिकाम्या खुर्चीवर सरकली आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तीही रडत होती, पण हात त्याच्यासाठी मोकळे हवेत म्हणून स्वतःचे डोळे पुसत नव्हती.

नर्स लगबगीनं आली. "अहो, अहो, असं काय करता? मुलगी ठणठणीत आहे तुमची, ती बघा. इतकं घाबरायचं नसतं."

"मुलीसाठी नाही," बायको म्हणाली. "यांचे वडील गेले."

"अगंबाई! कधी?"

"गेल्या वर्षी."

नर्सनं चष्म्यातून एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "वर्ष झालं?"

"हो," बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "रडायचं राहून गेलं होतं."